‘विविध’, ‘वेगळे’ आणि ‘नाना’ : अर्थ व उपयोग

उत्सवांच्या सूचना व कार्यक्रमपत्रिका यांच्याबरोबरच अधूनमधून एखाद्या शब्दाविषयी चार ओळी लिहाव्यात, असा आमचा प्रघात आहे. या वेळी एका शब्दाऐवजी शब्दांचा एक लहानसा परिवारच घेतला आहे. ‘विविध’, ‘भिन्न’, ‘वेगळे’, ‘निराळे’, ‘नाना’ हे ते शब्द होत. कोश उघडला तर यांतील प्रत्येकाचा अर्थ म्हणून दुसरा शब्द दिलेला आढळतो, आणि म्हणून लिहिताना ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत घातले जातात. पुण्यामुंबईस त्याने फारसे बिघडत नसेल. आपल्या आदिलाबादेत मात्र सूचना मराठीत व तेलुगूत लावावी लागते, आणि ती वाचणाऱ्यांत घरी उर्दू, गोंडी, कोलामी वा लंबाडी बोलणारेही असतात. येथे या शब्दांतील फरक कागदावर राहत नाही, माणसांपर्यंत जातो.

प्रथम ‘विविध’ पाहू. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘विधा’ म्हणजे प्रकार, यांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. ज्याचे प्रकार अनेक, ते विविध. या शब्दाचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही, तो असा की, तो एकट्या वस्तूला लागत नाही. ‘विविध फुले’, ‘विविध वाद्ये’, ‘विविध भाषा’ असे आपण म्हणतो. ‘विविध फूल’ किंवा ‘विविध माणूस’ असे कोणी म्हणत नाही. ‘विविध’ म्हणावयाचे तर समोर समुदाय हवा, आणि त्या समुदायातील प्रत्येक घटक सारख्याच अधिकाराने मोजला गेलेला हवा.

याच शब्दापासून ‘विविधता’ व ‘वैविध्य’ ही दोन भाववाचक नामे होतात आणि दोन्ही शुद्ध आहेत. ‘वैविध्यता’ मात्र अशुद्ध होय. ‘वैविध्य’ यातच भाववाचक प्रत्यय आलेला असल्यामुळे त्यावर पुन्हा ‘ता’ चढविणे म्हणजे ‘सौंदर्यता’ लिहिण्यासारखेच झाले. हा शब्द अलीकडे निमंत्रणपत्रिकांत फार दिसू लागला आहे, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

‘विविधता’ हा शब्द मराठी मुलांच्या तोंडी जातो तो शाळेतल्या प्रतिज्ञेतून. पुष्कळांना ठाऊक नसते की ही प्रतिज्ञा मूळची तेलुगूतील आहे. नलगोंडा जिल्ह्यातील अन्नेपर्ती या गावी जन्मलेले पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली विशाखापट्टणम येथे शासकीय सेवेत असताना लिहिली. पुढे ती देशभर स्वीकारली जाऊन २६ जानेवारी १९६५ पासून शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. देशाच्या वारशाचे वर्णन करताना तेलुगू पाठात ‘बहुविध’ असा शब्द आहे. मराठी रूपांतरकाराने तेथे ‘विविधता’ घेतली आणि तिला ‘नटणे’ हे क्रियापद जोडले. नटणे म्हणजे अंगावर दागिने घालून सजणे. तेलुगूत जी केवळ संख्या व प्रकार यांची गोष्ट होती, ती मराठीत आभूषणाची झाली. आमच्या मते रूपांतर मूळ शब्दाहून सरस उतरले आहे. आपल्या जिल्ह्यात एका गल्लीतील दोन मुले दोन माध्यमांच्या शाळांत ही प्रतिज्ञा म्हणतात. एक ‘बहुविध’ म्हणतो, दुसरा ‘विविधता’. प्रतिज्ञा तीच.

आता ‘भिन्न’. हा शब्द ‘भिद्’ म्हणजे फोडणे, चिरणे या धातूचे भूतकाळवाचक रूप आहे. भिन्न म्हणजे फुटलेले. ‘छिन्नभिन्न’ या जोडशब्दात तो मूळ अर्थ अजून उघडा दिसतो. हिंदीत गणितातील अपूर्णांकालाच ‘भिन्न’ म्हणतात, कारण तो पूर्णांकाचा तुकडा. ‘भेद’, ‘भेदभाव’, ‘मतभेद’ हे सारे याच धातूचे नातलग होत. उलट ‘अभिन्न मित्र’ म्हणजे ज्यांच्यामध्ये चीर पडलेली नाही असे. तेव्हा ‘विविध मते’ आणि ‘भिन्न मते’ यांत अंतर आहे. सभेत विविध मते मांडली गेली, म्हणजे पुष्कळांनी पुष्कळ बाजूंनी विचार केला. भिन्न मते पडली, म्हणजे एकमत झाले नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने कोणता शब्द घातला यावरून पुढच्या सभेचे वातावरण ठरते, हा अनुभव कोणत्याही संस्थेच्या चिटणीसाला असेल. हिंदीच्या सहवासाने ‘विभिन्न’ हा शब्द आपल्याकडे ‘विविध’च्या अर्थी येऊ लागला आहे. त्याची मराठीला गरज नव्हती, असे आम्हांस वाटते.

‘वेगळा’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द. तो एकवचनाला खुशाल लागतो : वेगळा माणूस, वेगळी भाषा, वेगळे घर. पण तो एकटा उभा राहू शकत नाही. ‘वेगळा’ म्हटले की लगेच ‘कोणाहून?’ असा प्रश्न येतो. उत्तर वाक्यात नसेल तर ते बोलणाऱ्याच्या मनात असते, आणि बहुतेक वेळा ते ‘आमच्याहून’ असेच असते. ‘आमच्या गावात विविध भाषांचे लोक राहतात’ असे म्हणणारा स्वतःची भाषाही त्या मोजणीत धरतो. ‘आमच्या गावात वेगळ्या भाषेचे लोक राहतात’ असे म्हणणारा स्वतः मोजणीच्या बाहेर उभा राहून इतरांकडे बोट दाखवितो. दोन्ही वाक्ये खरी असू शकतील, त्यांतील बोलणाऱ्याची जागा मात्र बदललेली असते. ‘निराळा’ त्या मानाने सौम्य आहे. ‘त्यांचा आवाजच काही निराळा’ यात कौतुकही असते. ‘परका’ आणि ‘पर’ यांची तर गोष्टच नको.

तेलुगूतही नेमकी अशीच व्यवस्था आहे. ‘वेरे’ म्हणजे दुसरा, वेगळा. ‘वेर्वेरु’ म्हणजे वेगवेगळे. मुलगा आणि सून स्वतंत्र बिऱ्हाड करून राहू लागली की तेलुगू माणूस त्याला ‘वेरु कापुरम्’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘वेगळी चूल’ म्हणतो. दोन्हीकडच्या सासवांचा सुस्कारा एकच असतो. तेलुगूत ‘वेरु’ याचा आणखी एक अर्थ झाडाचे मूळ असाही होतो. त्यावरून काही उत्साही वक्ते ‘जो वेगळा तोच मूळ’ असा सिद्धान्त काढतात. ऐकावयास तो गोड आहे, पण खरा नाही. तमिळमध्ये या दोन शब्दांतील ‘र’ निरनिराळे आहेत. तेलुगूत ते एकरूप झाले, एवढेच. शब्दांच्या योगायोगावर तत्त्वज्ञान उभारू नये.

आमच्या जिल्ह्यात ‘वेगळे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर नकाशाबरोबर बदलत आले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली, तेव्हा तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेले राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले, आणि नांदेडकडचा मुधोळ तालुका, ज्यात बासरचे सरस्वती क्षेत्र येते, तो आदिलाबादेत आला. २०१६ साली जिल्ह्याचे पुन्हा विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बासर आता निर्मल जिल्ह्यात आहे. पैनगंगेच्या या तीरावरचा मराठी शेतकरी १९५६ च्या आधी जसा बोलत होता तसाच नंतरही बोलत राहिला. एका दिवसात त्याची भाषा ‘वेगळी’ ठरली, ती फक्त कचेरीत. पलीकडे राजुऱ्यातील तेलुगू घरांचीही तीच कथा.

याहून बोलके उदाहरण परधान समाजाचे आहे. राजगोंडांच्या कुळकथा गाऊन सांगण्याचे परंपरागत काम परधानांकडे असते. या कथा गोंडीत आहेत. त्या गाणाऱ्या परधानांची घरची बोली मात्र मराठी. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात या डोंगराळ भागात राहिले आणि १९४८ साली त्यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला नवल वाटावे अशी ही व्यवस्था आहे : एका समाजाची स्मृती दुसऱ्या भाषेच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. येथे ‘भिन्न भाषिक’ हा शब्द वापरावयाचा तर चीर नेमकी कोठे दाखवावी? गोंड आणि परधान यांच्यामध्ये दाखविली तर कथा अधांतरी राहते, आणि परधानाच्या बोलण्यात व गाण्यात दाखविली तर माणूसच दुभंगतो.

आता सूचना लिहिणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. ‘वेगळा’ हा शब्द दुणावला की ‘वेगवेगळे’ होतो आणि त्याला दोन अर्थ फुटतात. ‘वेगवेगळी फुले आणा’ येथे तो ‘विविध’ याच अर्थाचा आहे. ‘फुले वेगवेगळी ठेवा’ येथे तो ‘एकमेकांपासून दूर’ असे सांगतो. नामाच्या आधी आला तर बहुधा पहिला अर्थ, क्रियापदाजवळ गेला तर दुसरा. ‘वेर्वेरु’चेही तेलुगूत असेच होते.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका गावच्या उत्सवपत्रिकेत महाप्रसादाविषयी असे छापले होते की, सर्व समाजांच्या भाविकांच्या पंगती वेगवेगळ्या बसतील. गावाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. लिहिणाऱ्याचा हेतू इतकाच की मांडव लहान, सारे एका वेळी मावणार नाहीत, तेव्हा आळीपाळीने बसावे. पण ‘समाजांच्या’ आणि ‘वेगवेगळ्या’ हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि क्रियापदाला चिकटले. तेलुगू मजकूरही तसाच उतरविला गेला. ज्यांच्या आजोबांनी देवळाबाहेर वेगळ्या पंगतीत, उन्हात, शेवटी जेवल्याचे घरात सांगितले जाते, त्यांनी ते वाक्य ज्या अर्थाने वाचावयाचे त्याच अर्थाने वाचले. त्या दिवशी दोन आळ्यांतून कोणी जेवावयास आले नाही. खुलासा करावयास पंच गेले तेव्हा त्यांना एका वृद्ध बाईंनी शांतपणे विचारले, “लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर आम्ही होतो का?” बाईंच्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते. कारण शब्द लिहिणाऱ्याचा असला तरी अर्थ वाचणाऱ्याच्या आयुष्यातून येतो आणि सूचना ही वाचणाऱ्यासाठीच असते.

अशा जागी ‘जागा अपुरी असल्याने पंगती एकामागून एक बसतील, कोणीही कोणत्याही पंगतीस बसावे’ असे सरळ लिहावे. मजकूर एक ओळ वाढतो, वाढू द्यावा. तेलुगूत आपल्या भागात जेवणाच्या पंगतीस ‘बंति’ म्हणतात. तो शब्दही ‘पंक्ति’ याचेच रूप आहे. तेथेही ‘वेर्वेरु’ टाळून एकीनंतर दुसरी असे म्हणता येते. आमच्या न्यासाच्या पत्रिकांत हाच मजकूर असतो.

माणसांविषयी बोलताना प्रकार दाखविणारे शब्द हळूहळू कसे कलतात, याचा एक नमुना ‘विचित्र’ हा आहे. संस्कृतात विचित्र म्हणजे अनेक रंगांचे, चित्रासारखे. मराठीत ‘चित्रविचित्र’ या जोडीत तो अर्थ अजून तग धरून आहे, पण एकटा ‘विचित्र’ म्हणजे आज चमत्कारिक, तऱ्हेवाईक. ‘तऱ्हेवाईक’ शब्दाचेही तेच झाले. ‘तऱ्हा’ म्हणजे केवळ प्रकार, अरबीतून आलेला निरुपद्रवी शब्द. जे आपल्यापेक्षा रंगाने निराळे, त्याला विचित्र ठरविण्याची खोड भाषेला आहे.

राहिला ‘नाना’. हा आम्हांस या परिवारातील सर्वांत वडील व सर्वांत मजेशीर शब्द वाटतो. (बाळाजी जनार्दन भानू ज्या नावाने ओळखले जात ते नाना, किंवा क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावातील नाना, हा आदराचा शब्द निराळा; त्याचा येथे संबंध नाही.) पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, ‘विना’ आणि ‘नाना’ या दोन शब्दांची सिद्धी एकाच सूत्रात सांगितली आहे. ‘वि’ यापासून ‘विना’ आणि निषेधवाचक ‘न’ यापासून ‘नाना’. दोहोंचा अर्थ ‘सोबत नाही’ असा. म्हणजे ‘नाना’चा पहिला अर्थ ‘पुष्कळ’ नसून ‘निरनिराळे, एकत्र नसलेले’ असा होता. दुसऱ्या अध्यायात विभक्तीचा नियम सांगतानाही पाणिनीने ‘पृथक्’, ‘विना’ आणि ‘नाना’ यांना एका ओळीत बसविले आहे. बृहदारण्यक व कठ या दोन उपनिषदांत ‘नाना’ पाहणाऱ्यास जो कडक इशारा दिलेला आहे, तो या अर्थाने वाचला की नीट उलगडतो. सृष्टीत अनेक वस्तू आहेत हे पाहण्यास तेथे कोणाची हरकत नाही. त्या मुळापासून सुटलेल्या आहेत असे पाहण्यास आहे.

असा हा ‘सोबत नसलेला’ शब्द पुढे माणसांना सोबत आणण्याच्या कामी आला. मध्ययुगात दक्षिणेत व्यापाऱ्यांचा जो प्रसिद्ध संघ होता, ज्याचे नाव कर्नाटकातील ऐहोळेशी जोडलेले आहे, त्याचे सदस्य शिलालेखांत ‘नानादेशी’ म्हणवितात. ब्रह्मदेशातील पगान येथे विष्णूचे एक देऊळ होते, त्याचे नावच ‘नानादेशी विण्णगर’. तेराव्या शतकातील तेथील लेख सांगतो की, मलबारातून आलेल्या एका गृहस्थाने त्या देवळास मंडप बांधून दिला, दार दिले आणि अखंड दिवा दिला. समुद्रापलीकडे, कोणाच्याच गावी नसलेले ते देऊळ. तेथे येणाऱ्यांना काय म्हणावे? ‘परदेशी’ म्हणावे तर सारेच परदेशी होते. ‘नानादेशी’ या शब्दाने ती अडचण सोडविली.

मराठीत ‘नाना’ भरभरून आला तो समर्थांच्या दासबोधात. समासच्या समास या शब्दाच्या तालावर चालतात. तेथे तो निखळ ‘अनेक प्रकारचे’ या अर्थाचा आहे. त्याच ग्रंथाच्या अठराव्या दशकाचे नाव ‘बहुजिनसी’ असे आहे, हेही पाहण्यासारखे आहे. ‘बहु’ संस्कृत आणि ‘जिनस’ अरबी. मोक्षशास्त्राच्या ग्रंथात, दशकाच्या मथळ्यावर, हा जोडशब्द समर्थांनी संकोच न करता बसविला. जिनस म्हणजे जात, प्रकार. आज मराठीत ‘जिन्नस’ किराणा दुकानात जाऊन राहिला आहे; तेलुगूत ‘जिनुसु’ अजून प्रकारही सांगतो आणि वस्तूही. ‘रकम’चे असेच : मराठीत रक्कम म्हणजे पैसे, तेलुगूत ‘रकम्’ म्हणजे प्रकार. नवख्या तेलुगू गिऱ्हाइकाने ‘किती रकम आहेत?’ असे विचारले आणि मराठी दुकानदाराने बिलाचा आकडा सांगितला, असे आमच्या बाजारात क्वचित घडते.

जनसामान्यांनी या अर्थासाठी स्वतःचे शब्दही घडविले. ‘अठरापगड’ म्हणजे अठरा तऱ्हेच्या पगड्या घालणारे. समाज डोक्यावरून ओळखू येत असे त्या काळचा हा शब्द. ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ हा वाक्प्रचार विसंगत खिचडीसाठी थट्टेने वापरतात, पण कडबोळे खाणाऱ्याची त्याबद्दल तक्रार असल्याचे ऐकिवात नाही.

‘नाना’चा शेवटचा अर्थ आपल्याकडील ज्ञानेश्वरी पारायणास बसणाऱ्यांसाठी सांगतो, कारण तेथे वाचक हमखास अडखळतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या या ग्रंथात ‘नाना’ हा शब्द पुष्कळदा ‘अथवा’, ‘किंवा’ या अर्थाने येतो. ज्ञानेश्वर महाराज एका गोष्टीसाठी एक दृष्टान्त देतात, मग ‘नाना’ म्हणून दुसरा देतात, आणि कधी त्यापुढे तिसराही. आधीचा दृष्टान्त चुकला म्हणून दुसरा आला असे तेथे नसते. पहिला ज्याच्या अनुभवात नसेल त्याच्यासाठी दुसरा असतो. ‘सोबत नाही’ येथून निघालेला शब्द ‘हेही घ्या’ येथवर आला. वाचताना खूण अशी धरावी : ‘नाना’च्या पुढे अनेक वस्तूंचा समुदाय असेल तर ‘अनेक प्रकारचे’ असा अर्थ घ्यावा, पुढे एकच नवा दृष्टान्त सुरू होत असेल तर बहुधा ‘किंवा’ असा घ्यावा, आणि आवाज तेथे किंचित थांबवून पुढची ओवी उचलावी. तेलुगू श्रोत्यांना अर्थ सांगणाऱ्यांनी अशा जागी ‘नाना रकाल’ न म्हणता ‘लेदा’ म्हणावे. ‘लेदा’ म्हणजे तेलुगूतील ‘किंवा’.